बांधावरचा शेजार

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा आणि तळोदा या तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्याची रांग भिंतीसारखी उभी आहे. तिच्या दक्षिण उतारावरचे नाले खाली तापीच्या काळ्या मातीत उतरतात, आणि डोंगर व काळी माती यांच्या मधल्या मुरमाड पट्ट्यात आमचे शेत आहे. वरच्या अंगाला सागाचे रान, खालच्या अंगाला ऊस, पपई आणि कापूस, आणि मध्ये तीन पिढ्यांनी वावरातून वेचून काढलेल्या दगडांचा हा रुंद बांध. त्यावर बोरी आहेत, पळस आहेत, घाणेरीची जाळी आहे आणि खोडात ढोली असलेले एक जुने मोहाचे झाड आहे. आज आपण कॅमेऱ्यातून जे प्राणी पाहणार आहोत, त्यांतील बहुतेकांचे येणे-जाणे या बांधाच्या आधारानेच चालते.

फाल्गुनात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाली की रान मोकळे होते आणि टिटवी अंडी घालते. ती घरटे बांधत नाही. जमिनीतल्या उथळ खळग्यात चार खडे गोळा केले की तिचे काम झाले. ही चार अंडी नीट पाहा. त्यांचा रंग मातीसारखा आहे, त्यांवर काळपट डाग आहेत आणि चारही अंड्यांची निमुळती टोके आतल्या बाजूला वळलेली आहेत. दोन पावलांवर उभे राहूनही ती नजरेस पडत नाहीत. ऊन चढले की टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन त्या ओल्या पोटाने अंडी गार ठेवते. माझे वडील वखर हाकताना अशा खळग्याशेजारी तुराटी रोवत आणि बैल बाजूने वळवून तेवढा तुकडा तसाच सोडत. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊसपाणी चांगले होते, असे जाणती माणसे सांगत आली आहेत. वडील मात्र ती तुराटी सखल जागीही रोवत असत.

पहाटे गाडवाटेच्या फुफाट्यात उमटलेले हे ठसे तडसाचे आहेत. पुढचा पंजा मोठा आणि मागचा लहान असल्यामुळे ते कुत्र्याच्या ठशांहून वेगळे ओळखू येतात. नाल्याकाठी चुन्यासारखी पांढरी विष्ठा पडलेली दिसते, ती तडसाने खाल्लेल्या हाडांमुळे. गावाबाहेर टाकलेले मेलेले ढोर हाडांसकट संपवणारा हा प्राणी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, तरीही त्याच्याविषयीची भीती घराघरांत आहे. तडस दिसले म्हणून त्याच्यामागे कुत्री सोडणे मला कधीच पटले नाही.

रानडुकरांबद्दल मात्र कोणाही शेतकऱ्याला इतक्या शांतपणे बोलता येत नाही. मक्याच्या दाण्यात दूध भरले की कळप रात्री डोंगरावरून उतरतो, आणि सकाळी ताटे आडवी पडलेली आणि कणसे अर्धवट चावलेली दिसतात. पंचनामा होतो आणि नुकसानभरपाईही मिळते. पण माळ्यावर बसून, डबे वाजवून जागून काढलेल्या रात्रींचा हिशेब त्यात धरला जात नाही. ही चीड मी समजू शकतो. तरीही कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडण्याचे समर्थन होऊ शकत नाही, कारण ती तार डुक्कर, बिबट्या आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस यांत फरक करत नाही.

उसाने बिबट्याला नवे घर दिले आहे. वर्षभर उभे असलेले दाट पीक, जवळ पाणी आणि वस्तीच्या कडेला कुत्री-शेळ्या, एवढे मिळाल्यावर मादी उसातच पिल्ले घालते. तोडणीच्या वेळी पाचटात पिल्ले सापडली की मजूर काम थांबवतात आणि भोवती गर्दी जमते. त्या वेळी पिल्लांना हात न लावता ती वनखात्याच्या देखरेखीखाली त्याच जागी ठेवली आणि सगळी माणसे दूर झाली, तर बहुतेक वेळा आई अंधार पडल्यावर येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

आता कॅमेरा वरच्या सागाच्या रानाकडे वळतो, कारण खानदेशाने ज्याची जपणूक जिवापाड करावी असा एक पक्षी तिथे आहे. निष्पर्ण फांदीवर, भर दिवसा, उन्हात बसलेला हा रानपिंगळा, एक लहानसे घुबड. गावातल्या चिंचेवरचा पिंगळा आणि हा पहिल्या नजरेत सारखेच वाटतात. पण याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवरचे आणि शेपटीवरचे पट्टे ठळक आहेत आणि पाय अंगाच्या मानाने भरदार आहेत. शास्त्रीय वर्णन 1873 साली झाल्यानंतर त्याचे मोजकेच नमुने मिळाले, आणि 1884 साली खानदेशात मिळालेल्या नमुन्यानंतर तो जणू नाहीसा झाला. गुजरातेतील मांडवी येथे 1914 साली तो मिळाल्याची नोंद होती. तो नमुना संग्रहालयातून चोरून त्याला खोटी चिठ्ठी लावलेला होता, हे पुढे सिद्ध झाले. त्या खोट्या नोंदीने शोध घेणाऱ्यांना भलत्याच दिशेला नेले होते. अखेर खरे नमुने जिथले होते तिथेच पाहायचे ठरवून पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे अमेरिकन अभ्यासक आले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याला हा पक्षी त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला होता. मध्ये 113 वर्षे गेली होती. ज्या पाड्यांतली गुरे याच रानात चरत होती, तिथल्या पावरा आणि भिल्ल माणसांनी त्याला या काळात पाहिलेच नसेल, असे मला वाटत नाही. त्यांना कोणी विचारायला आले नव्हते, इतकेच.

शेपटी दोन्ही बाजूंना झटकत तो खाली पाहतो आहे. गवतात सापसुरळी हलली. तो झेपावतो, भक्ष्य पायात धरून परत येतो आणि ढोलीच्या तोंडाशी क्षणभर थांबतो. आत पिल्ले आहेत. अशी ढोली कोवळ्या सागात तयार होत नाही. त्यासाठी वठलेली फांदी आणि म्हातारे खोड लागते. जळणासाठी आणि अतिक्रमणासाठी पहिली कुऱ्हाड पडते ती नेमकी अशाच झाडांवर.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतातला बांध जेसीबीने सपाट केला. त्या जागेवर कापसाच्या दोन ओळी जास्त बसल्या. तिथल्या जाळीतले तित्तर तेव्हापासून आमच्या बांधावर आले आहेत. दिवस मावळताना त्यांची हाक सुरू होते, मग खालच्या नाल्यातून कोल्हे ओरडतात, आणि अंधार दाटला की दगडांच्या फटीतून एक साळिंदर काट्यांचा खुळखुळ आवाज करत बाहेर पडते आणि भुईमुगाच्या दिशेने जाते.