सूत्राला जरा थांबू द्या

(चाळीसगाव येथे शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पाचोरा, भडगाव, एरंडोल, पारोळा इथून उन्हातान्हाचा प्रवास करून शिक्षक मंडळी आली आहेत, गावातले पालक आहेत, मागच्या रांगांत नववी-दहावीची मुलं आहेत. मला विषय दिलाय ‘गणित रंजक कसं करावं’. त्यावर बोलण्याआधी एक गणितच घालतो.

एरंडोलजवळच्या पद्मालयाला तुमच्यातले बहुतेक जण जाऊन आलेले असणार. गणपतीचं दर्शन झालं की माणूस तळ्याकाठी जातो, कमळं बघतो. समजा, त्यातलं एक कमळ पाण्याच्या वर बरोबर अर्धा हात आहे. वारा सुटला, कमळ कललं, आणि आपल्या जागेपासून दोन हातांवर जाऊन नेमकं पाण्याखाली गेलं. काठावर उभं राहून, पाय न भिजवता सांगायचं: तिथं पाणी किती खोल आहे?

वही काढू नका. आधी अंदाज करा.

(सभागृहातून ‘तीन हात’, ‘पाच’, ‘दोन’ अशी उत्तरं येतात.)

छान. आता आपल्याकडे तीन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी पटत नाहीत. म्हणजे गणित सुरू झालं. प्रत्येकाला आता आपलं उत्तर बरोबर आहे का, हे जाणून घ्यायचंय. ही ओढ निर्माण होण्याआधी जर मी फळ्यावर पायथागोरसचं प्रमेय लिहिलं असतं, तर तुम्ही ते उतरवून घेतलं असतं, आणि विषय तिथंच संपला असता.

देठ बुडाशी चिखलात पक्का आहे. सरळ उभा होता तेव्हा त्याची लांबी पाण्याच्या खोलीपेक्षा अर्धा हात जास्त होती. कलल्यावरही लांबी तीच, फक्त आता तो तिरपा आहे. खोली ही एक बाजू, दोन हात ही दुसरी, देठ हा कर्ण. वर्ग मांडले की दोन्हीकडचा खोलीचा वर्ग निघून जातो आणि उरतं एवढंच: खोली अधिक पाव बरोबर चार. म्हणजे पाणी पावणेचार हात. तीन म्हणणारेही जवळ होते, पाच म्हणणारेही फार लांब नव्हते.

हे गणित भास्कराचार्यांचं आहे. त्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथातलं, इसवी सन ११५० च्या सुमाराचं. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांचं मूळ गाव नक्की कोणतं यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपण सह्याद्रीच्या आश्रयानं राहत होतो एवढं ते स्वतः सांगतात. लीलावतीचं नाव निघालं की ती भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाची वेळ मोजायच्या घटिकापात्रात मोती पडला आणि मुहूर्त टळला, ही गोष्ट कुणीतरी सांगतंच. ती अकबराच्या दरबारातला कवी फैझी यानं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे भास्कराचार्यांच्या नंतर चारशे वर्षांनी. गोष्ट हृद्य आहे, पण तिच्यापायी लोक पुस्तकातली गणितं वाचायची विसरतात. त्या गणितांत साप आहे, मोर आहे, भुंगे आहेत, वाऱ्यानं मोडलेला बत्तीस हातांचा बांबू आहे. वाऱ्यानं मोडून त्याचं टोक बुडापासून सोळा हातांवर टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला? हे मागच्या रांगेतल्या मुलांसाठी. उत्तर पूर्णांकात येतं.

आता माझं म्हणणं सांगतो. गणित रंजक करण्यासाठी त्याला बाहेरून काही चिकटवावं लागत नाही. कार्टून, टाळ्या, चालीवरची गाणी यांनी वर्ग दहा मिनिटं हसतो, मग सूत्र येतं आणि चेहरे पुन्हा होते तसे होतात. गोडी प्रश्नातच असते. प्रश्न आणि सूत्र यांच्यामध्ये मुलाला जो वेळ मिळायला हवा, तो आपण देत नाही. शिक्षकाला पोर्शन संपवायचा असतो, पालकाला मार्क हवे असतात, आणि त्या घाईत मुलाच्या वाट्याचा विचार आपणच करून टाकतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या वेळातच मूल गणिती होत असतं.

कमळाचं हे गणित मी एका खेड्यातल्या सातवीच्या वर्गात घातलं होतं. पायथागोरसपर्यंत वर्ग पोचलेला नव्हता. मी बादली, दोरी आणि काडी घेऊन गेलो होतो. पोरांनी ओल्या वाळूत काडी रोवून कलवून पाहिली, सुतळीनं मापं घेतली. तेवढ्यात एक मुलगी अहिराणीत म्हणाली की गुरुजी, कमळाचा देठ काडीसारखा ताठ नसतो, तो मधेच वाकतो, मग हे गणित खरं कसं? वर्गातले काही जण हसले. मी तास तिथंच थांबवला आणि त्या दिवशी फक्त तिच्या प्रश्नावर बोललो. देठ वाकला तर पाणी पावणेचार हातांपेक्षा जास्त असेल की कमी? वाकलेल्या देठाचं बूड ते टोक हे सरळ अंतर देठाच्या लांबीपेक्षा कमीच भरणार, मग काय होईल? मुलांनी चित्रं काढली, भांडली, एकमेकांची चित्रं खोडली. आपण काय गृहीत धरलंय हे विचारणं ही गणितातली सगळ्यात वरची पायरी आहे, आणि ती मुलगी आपण होऊन तिथं उभी होती. आणखी एक लक्षात घ्या, ती घरच्या बोलीत बोलली म्हणूनच बोलली. आपल्याकडे अहिराणी, तावडी, लेवा बोली, सातपुड्यात पावरी, भिली बोलणारी मुलं आहेत. आधी प्रमाण मराठीत वाक्य जुळव आणि मग शंका विचार, अशी अट घातली की शंका ओठावरच विरते. विचार घरच्या बोलीत होऊ द्या, परिभाषा मागून येऊ द्या.

आता शेतात जाऊ. रावेर, यावल, सावद्याकडचे कुणी आहेत? हात वर करा. केळीची लागवड पाच बाय पाच फुटांवर केली तर एकरात किती खोडं बसतात? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, एका खोडाला २५ चौरस फूट. भागाकार केला की साधारण १,७४२. हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. आता मुलांना विचारा: दोन खोडांमधलं अंतर कुठंही पाच फुटांपेक्षा कमी होऊ द्यायचं नाही, तरीही याच एकरात जास्त खोडं बसवता येतील का?

बहुतेकांना आधी वाटतं, शक्य नाही. मग कुणीतरी वहीच्या चौकटी सोडून दुसरी ओळ अर्ध्यानं सरकवतो. झिगझॅग, म्हणजे त्रिकोणी लागवड. कोणतीही तीन शेजारची खोडं समभुज त्रिकोण करतात. ओळींमधलं अंतर पाच फुटांवरून सुमारे चार फूट चार इंचांवर येतं, एका खोडाच्या वाट्याला २१.६५ चौरस फूट येतात, आणि एकरात बांधाकडची कसर सोडली तर दोन हजारांच्या थोडी वर खोडं बसतात. म्हणजे साधारण २७० जास्त, खोडांतलं अंतर एक इंचही कमी न करता.

हे मी एकदा पालकसभेत सांगितलं तेव्हा एक शेतकरी उठले. म्हणाले, “गुरुजी, हिशोब बरोबर आहे. पण ओळी चार फुटांवर आल्या तर ठिबकच्या नळ्या जास्त लागतील, घड बाहेर काढायला माणूस कुठून शिरेल, आणि पानं एकमेकांवर चढली तर ऊन खालपर्यंत कसं जाईल?” त्यांचं बरोबर होतं. जास्त खोडं म्हणजे जास्त माल असं नाही. पण बघा, तो माणूस नळीची लांबी, वाटेची रुंदी, पानांचा पसारा हे सगळं त्या हिशोबात आणत होता. शाळेत गणितात कायम मागे असलेला, असं ते स्वतःबद्दल सांगत होते. मला हे मान्य नाही. त्यांच्या डोक्यात गणित चालतं, फक्त शाळेनं त्यांना ते कधी आपलं वाटू दिलं नाही.

आणि हा प्रश्न लहान नाही. प्रत्येक खोडाभोवती एक वर्तुळ कल्पा. अशी सारखी वर्तुळं सपाटीवर जास्तीत जास्त दाट कशी बसवायची, याचं उत्तर ही त्रिकोणी मांडणीच, हे सिद्ध करायला विसावं शतक उजाडलं. सपाटीऐवजी ढीग घ्या. फळवाला मोसंबी रचतो तशी रचना सगळ्यात दाट असते, असं खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६११ मध्ये लिहून ठेवलं. फळवाल्याला ते हातानं कळलेलं आहे. सिद्ध व्हायला मात्र १९९८ साल यावं लागलं. गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी संगणकाच्या मदतीनं ते केलं, आणि त्या सिद्धतेची पायरी न् पायरी संगणकावर तपासून पुरी व्हायला २०१४ उजाडलं. सावद्याच्या केळीच्या वाफ्यापासून तिथपर्यंत सलग वाट आहे. मुलाला ती दिसली पाहिजे.

आता समाजाबद्दल. गणित लोकांपर्यंत न्या असं आपण म्हणतो तेव्हा ते काहीतरी नवं, पाश्चात्त्य खूळ आहे असं वाटतं. इथून अठरा-वीस किलोमीटरवर पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं १२०७ मध्ये त्याला दान दिलं, असं त्यात कोरलंय. लेखाच्या शेवटाचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावर राजाकडे जाणारं उत्पन्न मठाला दिलंय, आणि घाण्यामागे पळी पळी तेल दिलंय. विचार करा. तेली, व्यापारी, गिऱ्हाईक यांच्या रोजच्या व्यवहारातून गणिताची शाळा चालत होती. ग्रहगणित किती तेल्यांना समजत असेल ते सोडा. पण बाजाराला ती शाळा माहीत होती. चाळीसगावातल्या प्रत्येक मुलानं शाळेत असताना एकदा तरी तो लेख बघायला जावं असं मला वाटतं. सहलीला तिथं जातात, देवीचं दर्शन आणि डबा झाला की परत फिरतात.

आज आपला बाजार कुठं भरतो? सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घ्या. घोडेबाजार बघायला कुठून कुठून लोक येतात. तिथं गणिताचं एक पाल का असू नये? न्यूयॉर्कच्या गणित संग्रहालयात चौकोनी चाकांची सायकल आहे, आणि ती गचके न देता चालते. युक्ती रस्त्यात आहे. साखळी दोन खिळ्यांना टांगली की जो झोल पडतो तसल्या झोलाचे उलटे उंचवटे एकापुढे एक ठेवायचे, प्रत्येक उंचवट्याच्या वक्राची लांबी चाकाच्या एका बाजूएवढी. आपल्याकडचा चांगला सुतार ते करून देईल. त्याला फक्त माप द्यावं लागेल, आणि ते माप काढायचं काम अकरावी-बारावीच्या मुलांचं. जत्रेत त्यावर बसायला रांग लागेल, आणि रांगेतला प्रत्येक जण विचारेल: असं कसं? जर्मनीत गिसेनला २००२ पासून असं हातांनी करून बघायचं गणित संग्रहालय चालू आहे. इमारत आपल्याला परवडणार नाही, पाल परवडेल. शेजारीच एखाद्या जुन्या दलालाला बसवा आणि बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव कसा ठरवतात ते मुलांना शिकवायला सांगा. पावकी, निमकी, सवायकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणणारे आजोबा अजून असतील, त्यांनाही बोलवा.

शिक्षकांना वेगळं काय सांगू? आठवड्यातला एक तास एका प्रश्नाला द्या. उत्तर त्या तासात निघालं नाही तरी चालेल. फळ्याचा एक कोपरा न पुसता ठेवा. आणि मुलानं असं काही विचारलं ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही, तर ‘चल, दोघं मिळून शोधू’ म्हणा. शिक्षकानं शोधक असण्याची आपल्याकडे मोठी साक्ष आहे. चाळीसगावहून मुंबईकडे जाताना नाशिक रोड सोडलं की देवळाली येतं. तिथं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळामास्तर होते. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही, वही आणि आकडे. १९४९ मध्ये त्यांनी जे पाहिलं ते आज जगभर त्यांच्या नावानं ओळखलं जातं. १९७५ मध्ये रंजक गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर त्यांची कीर्ती परदेशात दूरवर पोचली.

कापरेकरांनी काय पाहिलं ते करूनच बघू. मोबाइल काढा, आता हरकत नाही. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. पाटणच्या दानाचं साल घेऊ, १२०७. अंक उतरत्या क्रमानं: ७२१०. चढत्या क्रमानं: ०१२७. वजा करा, ७०८३. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही करा, ६१७४ च येणार. भास्कराचार्यांचं जन्मसाल १११४ घेतलं तर सहा पायऱ्या लागतात. तुमचं जन्मसाल घ्या, गाडीचा नंबर घ्या. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुणालाच लागणार नाहीत.

(सभागृहात हिशोब सुरू होतात. मागच्या रांगेतून ‘मलाही तेच आलं’ असे आवाज.)

वजाबाकीचं प्रत्येक उत्तर नवानं भागलं जातं, हे आधी तपासा आणि ते का, ते शोधा. तिथून आत शिरता येईल. मग तीन अंकी संख्या घेऊन बघा, तीही एका ठिकाणी थांबते. पाच अंकी घेतली तर मात्र वेगळंच काहीतरी होतं. काय होतं ते मी आज सांगणार नाही. पाच अंकांची वजाबाकी चौथीच्या मुलालाही येते, तेव्हा रात्री घरी सगळ्यांनी मिळून करा. आणि बांबूचं उत्तर ज्यांचं निघालंय त्यांनी आता हात वर करा. आकडा सांगू नका, कसं काढलं तेवढं सांगा.