एसीचा आवाज कसा, याआधी विचारा केव्हा

(परभणी येथे मोटार मेकॅनिक प्रशिक्षणार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, आपल्या भाषेत आवाजांना शब्दांची वाण नाही. तरीही गाडीमालक दुकानात येतो तेव्हा एवढेच म्हणतो की, ‘एसी आवाज करायलाय, बघा जरा.’ किरकिर, घरघर, टकटक, फुसफुस की खळखळ, असे विचारले की तो क्षणभर थांबतो आणि मग तोंडानेच आवाज काढून दाखवतो. त्याला हसू नका, कारण त्या नकलेत पुष्कळ माहिती असते. मात्र त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आवाज केव्हा येतो? एसीचे बटण दाबल्यावरच येतो, की एसी बंद असतानाही येतो? इंजिनाचा वेग वाढला की वाढतो, की पंख्याचा? एवढे कळले की बोनेट उघडण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असते.

सर्वांत सोपी तपासणी आधी करावी. इंजिन बंद ठेवा, चावी फिरवून फक्त ब्लोअर, म्हणजे आत हवा फेकणारा पंखा, लावा आणि त्याचा वेग एकेक टप्प्याने वाढवा. आवाज आला आणि वेगाबरोबर वाढला, तर एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडे पाहण्याचेही कारण नाही, दोष डॅशबोर्डच्या आत आहे. आपल्याकडे गाडी सावलीला म्हणून लिंबाखाली लावली जाते. फाल्गुन-चैत्रात लिंब झडतो आणि त्याची पाने समोरच्या काचेखालच्या जाळीतून हवेच्या वाटेत शिरतात. ज्या जुन्या गाड्यांत केबिन फिल्टर नाही, त्यांत ती थेट ब्लोअरच्या पात्यांपर्यंत जातात आणि पत्त्यांच्या डावात पत्ते पिसावेत तसा फडफडाट सुरू होतो. कापसाच्या हंगामात हा उपद्व्याप उंदीर करतात. घरात कापूस भरलेला असला आणि गाडी तिथेच उभी राहत असली, तर ब्लोअरच्या डब्यात सरकीसकट घरटे सापडते. चावी दिल्यावर काही सेकंद डॅशमागून ठरावीक टकटक येऊन थांबत असेल, तर हवेची दिशा बदलणाऱ्या झडपेच्या छोट्या मोटारीतील प्लास्टिकच्या चाकाचे दाते गेलेले असण्याची शक्यता मोठी असते. वळणावर पायाजवळ पाणी खळखळत असेल, तर हवा गार करणाऱ्या कुलिंग कॉइलचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली आहे. ती साफ केली की काम संपते.

आता इंजिन चालू करा, पण एसी लावू नका. कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही इंजिनाच्या पट्ट्याबरोबर फिरतच असते, हे ध्यानात ठेवा. मॅग्नेट क्लच असलेल्या गाडीत बटण दाबल्यावर क्लचला वीज मिळते, पुढची तबकडी ‘टक्’ करून पुलीला चिकटते आणि तेव्हा कुठे कॉम्प्रेसरचा दांडा फिरू लागतो. म्हणून एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर पुलीचे बेअरिंग किंवा पट्टा ताणणारी पुली तपासावी. इंजिन बंद करून पट्टा उतरवावा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी; खराब बेअरिंग बोटांना खरखरीत लागते. बटण दाबताच ‘चीं’ असा आवाज येऊन थोड्या वेळाने थांबला, तर बोजा पडल्यावर पट्टा घसरतो आहे. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, तर त्याच्यावर साबण किंवा पावडर चोळून गिऱ्हाईक वाटेला लावू नका.

बटण दाबल्यावरच ठोके ऐकू येऊ लागले, तर आपण सगळे घाईने एकच निदान करतो: कॉम्प्रेसर गेला. मी स्वतः ही चूक केलेली आहे. एका डिझेल जीपमध्ये एसी लावला की उभ्या जागी ‘धडधड’ येत असे. मी कॉम्प्रेसर बदलायला सांगितला, नवा बसवला, गाडी शांत झाली आणि आठ दिवसांनी तीच धडधड घेऊन परत आली. कॉम्प्रेसर ज्या ब्रॅकेटवर बसतो, त्याच्या एका भोकातील आटे झिजले होते. नवा कॉम्प्रेसर बसवताना मी बोल्ट घट्ट आवळले, म्हणून तेवढे दिवस आवाज दबून राहिला. मालकाने जुना कॉम्प्रेसर पोत्यात गुंडाळून आणला आणि ‘हा चांगलाच होता की हो’ एवढेच म्हटले. तेव्हापासून कॉम्प्रेसरला हात लावण्यापूर्वी मी चारही बोल्टना पाना लावतो.

कॉम्प्रेसर खरोखरच आतून झिजला असेल, तर दगडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो आणि तेल काढून पाहिले की त्यात धातूची चमचमणारी पूड दिसते. अशा वेळी केवळ कॉम्प्रेसर बदलणे म्हणजे घाण पाण्याच्या टाकीला नवा नळ लावणे होय. ती पूड गरम गॅस थंड करून द्रव करणाऱ्या कंडेन्सरमध्ये आणि तो द्रव अरुंद वाटेने कुलिंग कॉइलकडे सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी अडकलेली असते, म्हणून नळ्या धुवाव्या लागतात, गॅसमधील ओलावा शोषणारा ड्रायर बदलावा लागतो आणि बारीक नळ्यांचा कंडेन्सर नीट धुतला जात नसल्याने बहुधा तोही बदलावा लागतो.

उरली फुसफुस, जिच्यामुळे लोक सर्वांत जास्त घाबरतात. गाडी बंद केल्यावर डॅशमागून काही सेकंद, कधी मिनिटभर ‘सूं’ ऐकू आले तर तो दोष नाही. एसी चालू असताना कंडेन्सरच्या बाजूचा दाब कुलिंग कॉइलच्या बाजूच्या कितीतरी पट असतो. इंजिन थांबले की दोन्ही बाजू एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सारख्या होऊ लागतात, त्याचाच हा आवाज. एसीत भरला जाणारा आर-134ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे 26 अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे व्हॉल्व्हमधून पलीकडे गेलेला द्रव तत्काळ वाफ होऊ लागतो आणि चालू एसीतही थोडा सुस्कारा राहतो. मात्र फुसफुस सतत येत असेल, हवा गार नसेल आणि क्लच दर काही सेकंदांनी टक्-टक् करून लागत-सुटत असेल, तर गॅस कमी झाला आहे. व्हॉल्व्हपर्यंत शुद्ध द्रवाऐवजी बुडबुडे पोहोचतात, आणि दाब घसरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला थांबवतो.

इथे आपल्या धंद्यातील एक वाईट सवय सांगतो. गॅस कमी दिसला की ‘टॉप-अप मारून देऊ’ असे म्हटले जाते. गॅस हा डिझेलसारखा खर्च होत नाही; तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. गॅसबरोबर तेल फिरते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग आणि त्यावर बसलेली धूळ बहुतेक वेळा डोळ्यांनाच दिसते. गळती न शोधता भरत राहिलो, तर कॉम्प्रेसरला परत मिळणारे तेल घटत जाते आणि आज फुसफुसणारी गाडी उद्या घरघरू लागते. अंदाजाने जास्त गॅस भरणेही तितकेच घातक आहे. मे महिन्यात इथला पारा 42 अंशांच्या पुढे जातो, त्यात कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकलेले असतात, अशा वेळी दाब चढून कॉम्प्रेसर चढावरच्या बैलासारखा कण्हू लागतो. म्हणून गॅस वजन करूनच भरावा. किती ग्रॅम, ते बोनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते. आणि जुना गॅस हवेत सोडू नये, यंत्राने काढून घ्यावा; वजनास वजन धरले तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो.

एक सूचना राहिली. बिनक्लचचे कॉम्प्रेसरही आता बऱ्याच गाड्यांत येतात. तिथे ‘टक्’ ऐकू येत नाही म्हणून क्लच गेला, असे ठरवू नका. बाहेर आवारात आपण एक गाडी उभी केली आहे, तिच्यात एक दोष मी मुद्दाम ठेवला आहे. पाने खिशातच ठेवा. आधी प्रत्येकाने पाळीपाळीने नुसते ऐकावे, आणि काय ऐकले ते वहीत लिहावे.