शाळा सुटेपर्यंतचं प्रेम

(पडद्यावर: योकोहामा बंदर, टेकडीवर चढत जाणारा रस्ता)

मिचिको जपानमधल्या या मुलींच्या मिशनरी शाळेत नवीन आहे. अजून वर्गातल्या मुलींची नावंही तिला पाठ नाहीत, आणि तिला दोन चिठ्ठ्या येतात. एक शाळेच्या पाचव्या वर्षातल्या योकोची, दुसरी चौथ्या वर्षातल्या कात्सुकोची. दोघींनाही तिची ताई व्हायचंय. घरातल्या ताईसारखी ताई नव्हे, बरं का. ही ताई फक्त एकीचीच असते. तिची वाट बघायची, तिलाच पत्रं लिहायची, आणि ती दुसरीशी हसून बोलली की जेवण गोड लागत नाही.

ही गोष्ट 'ओतोमे नो मिनातो' या कादंबरीतली. १९३७ पासून ती मुलींच्या एका मासिकात क्रमशः येत होती. लेखक म्हणून नाव होतं कावाबाता यासुनारी यांचं, पुढे नोबेल मिळवणाऱ्या कावाबातांचं. मसुदा मात्र नाकाझातो त्सुनेको या तरुण लेखिकेचा. मुलींच्या मनातलं इतकं बारीकसारीक तिच्याकडून आलं, आणि मुखपृष्ठावर तिचं नाव नाही. पुढे अकुतागावा हे जपानमधलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री हीच.

(पडद्यावर: जुन्या मासिकांतली चित्रं)

जपानमध्ये १८९९ साली कायदा झाला आणि प्रांतोप्रांती मुलींसाठी माध्यमिक शाळा निघाल्या. हेतू काय, तर चांगल्या बायका आणि शहाण्या आया घडवायच्या. मुलगे वेगळ्या शाळांत. मग जीव लावायचा तो मैत्रिणीवरच! अशा जोडीला मुली 'एस' म्हणत, 'सिस्टर'मधला एस. मोठी माणसं बहुतेक वेळा काणाडोळा करायची, कारण शाळा संपली की स्थळं येणार आणि हे सगळं आपोआप विरणार, याची त्यांना खात्री होती. या कथांमधली हुरहुर आली ती इथूनच. पहिली चिठ्ठी हातात पडते तेव्हाच निरोपाची तारीख ठरलेली असते.

ती तारीख एकीनं मानली नाही. लेखिका योशिया नोबुको, जन्म १८९६. तिच्या 'हाना मोनोगातारी'तल्या कथा १९१६ पासून छापून येऊ लागल्या. प्रत्येक कथेला एकेका फुलाचं नाव. वाक्यं अर्धवट सोडलेली, टिंबांवर टिंबं. समीक्षकांनी नाकं मुरडली, मुलींनी पानं झिजवली. १९२० च्या 'यानेउरा नो नी शोजो' या कादंबरीत मात्र ती पुढे गेली. वसतिगृहाच्या माळ्यावर राहणाऱ्या दोन मुली तिथून बाहेर पडतात, त्या एकत्र राहायचं ठरवूनच.

१९२३ साली योशियाला गणिताची शिक्षिका मोन्मा चियो भेटली आणि दोघींनी पुढचं आयुष्य एकत्र काढलं. लग्नाची सोय नव्हती. म्हणून १९५७ मध्ये योशियानं चियोला कायद्यानं दत्तक घेतलं. कागदोपत्री जोडीदारीण झाली लेक! १९७३ मध्ये योशिया गेली. कामाकुरा शहरातलं त्यांचं घर आज स्मारक आहे.

(पडद्यावर: कामाकुरा, घरांना खेटून जाणारी छोटी रेल्वे)

मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, हा विषय आला तो रडतच. यामागिशी र्‍योको यांची १९७१ ची 'शिरोई हेया नो फुतारी' फ्रान्समधल्या वसतिगृहात घडते. दोघींपैकी एक मरते. १९९८ मध्ये कोन्नो ओयुकी यांच्या 'मारियासामा गा मितेरु' या कादंबरीमालिकेनं जुना 'एस' पुन्हा उभा केला. मोठी मुलगी धाकटीच्या गणवेशाची गाठ सरळ करते, बस्स, इतक्यावर अख्खी मालिका उभी! धाकटीची निवड झाली की मोठीनं तिच्या गळ्यात आपली जपमाळ घालायची. सुंदर आहे, पण भिंतीबाहेरचं जग इथं फारसं शिरतच नाही.

शिमुरा ताकाको यांची 'आओई हाना' ही मांगा २००४ मध्ये सुरू झाली, ती याच कामाकुरात घडते. तिथली फुमी मैत्रिणीला स्वतःबद्दल स्पष्ट सांगून टाकते. आणि नाकातानी निओ यांच्या 'यागाते किमी नि नारु' या मांगाचं शेवटचं प्रकरण, २०१९ चं, शाळा संपल्यावर काही वर्षांनी घडतं. यू आणि तोको आता कॉलेजात आहेत, दोघींच्या बोटांत जोडीच्या अंगठ्या आहेत, आणि निरोपाचा विषयही कुणी काढत नाही.