ट्रेफन कोर्टचा वकील

टोरंटो. पार्लमेंट स्ट्रीट आणि रिव्हर स्ट्रीट यांच्यामधली ही वस्ती, ट्रेफन कोर्ट. विटांची, एकमेकांना खेटून उभी असलेली ही जुनी घरं १९६६मध्ये पाडायची ठरली होती. नगरपालिकेच्या लेखी हा शहरी पुनर्विकास होता.

पुनर्विकास म्हणजे काय, हे इथल्या लोकांना कुणी शिकवायला नको होतं. शेजारीच, १९४८पासून, गल्ल्याच्या गल्ल्या पुसून रिजंट पार्कच्या सरकारी इमारती उभ्या राहिल्या होत्या. समोर दिसताहेत ते टॉवर त्यानंतरचे. रिजंट पार्कच्या त्या सरकारी इमारतींवरही पुढे हातोडा पडलाच!

जॉन सूएल तेव्हा पंचविशीतले, नुकतीच सनद मिळालेले वकील. ते रहिवाशांच्या बाजूने उभे राहिले. खरी मेख भरपाईत होती. भरपाई बाजारभावाने मिळणार, पण ज्या वस्तीवर पाडकामाची टांगती तलवार, तिथे भाव कसला? त्या पैशात शहरात दुसरं घर येत नव्हतं. त्यात घरमालक आणि भाडेकरू यांचंही आपसांत जमेना. पालिकेत खेटे, बैठका, पुन्हा बैठका. वकिलीपेक्षा दारोदार फिरणंच जास्त. अखेर आराखडा करणाऱ्या समितीत रहिवाशांनाच घ्यावं लागलं. सरसकट पाडकाम टळलं. घरांची दुरुस्ती झाली, मोकळ्या जागी नवी घरं आली. ती अजून उभी आहेत, नीट पाहा.

एव्हाना, १९६९मध्ये, सूएल वॉर्ड ७मधून नगरसेवक झाले होते. १९७८मध्ये महापौर. सूट-टायच्या दालनात हा जीन्स घालणारा, सायकलवरून येणारा माणूस. पोलिसांवर उघड टीका केली, समलिंगी नागरिकांची बाजू घेतली. १९८०ची निवडणूक थोडक्यात हरले.

आणि हा यंग स्ट्रीटवरचा मोर्चा, फेब्रुवारी १९९७चा. टोरंटो आणि शेजारच्या पाच पालिका मोडून एकच महापालिका करायचं ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने ठरवलं होतं. विरोधाच्या आघाडीवर पुन्हा सूएल. चर्चमध्ये दर सोमवारी सभा, माणसांनी भरलेल्या. महापालिका जितकी मोठी तितका नगरसेवक गल्लीपासून लांब, हे ट्रेफन कोर्टमध्ये पाय झिजवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मार्चमधल्या नागरिकांच्या मतदानात सुमारे तीन-चतुर्थांश मतं विलीनीकरणाच्या विरोधात पडली.

१ जानेवारी १९९८ला विलीनीकरण झालं.