भिंत पाडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या ख्रिस्ती मंडळीने उपासनामंदिराची पश्चिमेकडची भिंत पाडून सभागृह सोळा फुटांनी वाढवण्याचा ठराव केला, त्याला आता वर्ष होत आले. नाताळला आणि कापणीच्या सणाला निम्मी माणसे बाहेर मांडवात बसतात, आत चाललेली प्रार्थना त्यांना कर्ण्यातून ऐकावी लागते, हे आम्ही सगळे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तरीही जागा अपुरी पडते एवढे एकच कारण पंचांच्या सभेला पुरेसे वाटले नाही, याचे मला आज समाधान वाटते. त्या सभेत एका वयस्कर बाईंनी विचारले होते, "वाढवलेल्या जागेत कोण बसणार, ते आधी सांगा, मग पैशांचे बोलू." त्यांच्या या प्रश्नाविषयीच मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

मराठी ख्रिस्ती माणूस 'मंडळी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर माणसे असतात, इमारत नसते. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वास ठेवणाऱ्यांना जिवंत दगड म्हटले आहे. त्या दगडांचे घर देव स्वतः रचतो, अशी आमची श्रद्धा आहे. मग विटा, वाळू आणि सिमेंटसाठी गोरगरिबांच्या घरातून पैसा का मागावा? हा प्रश्न आमच्यातल्या काही तरुणांनी तळमळीने विचारला आणि तो टाळण्यासारखा नव्हता. मला त्याचे उत्तर शोधताना आपल्याच मुलखातल्या दोन वास्तूंचा फार आधार झाला.

पहिली वास्तू मुंबईच्या कोटातले सेंट थॉमस कॅथेड्रल. मुंबईचे इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांनी 1676 साली त्याचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. भिंती थोड्याशा उभ्या राहिल्या आणि काम थांबले, ते सुमारे चाळीस वर्षे थांबलेलेच राहिले. तोवर इंग्रजांची उपासना किल्ल्यातल्या खोल्यांमध्ये चालत होती. रिचर्ड कॉब नावाचे तरुण पाळक मुंबईत आले आणि 1715 साली त्यांनी प्रवचनातून लोकांना त्या उघड्या भिंतींची आठवण करून दिली, तेव्हा वर्गणी जमू लागली आणि 1718 च्या नाताळात मंदिर उघडले. या मंदिराकडे जाणारा तटबंदीचा दरवाजा तो चर्चगेट. तट गेला, दरवाजा गेला, तरी लाखो प्रवासी रोज ते नाव उच्चारतात.

या हकिकतीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस त्या मंडळीचा सभासद नव्हता. रामा कामती हे ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी फौजेतले अधिकारी, शेणवी समाजातले, वाळकेश्वराच्या मंदिराच्या उभारणीला हातभार लावणारे गृहस्थ. त्यांनी या चर्चलाही देणगी दिली, आणि उद्घाटनाच्या दिवशी ते आपल्या जातबांधवांसह आले. आत चाललेली उपासना त्यांना इतकी भावली की ते सगळे बराच वेळ बाहेर उभे राहून पाहत होते, असे कॉब यांनी नोंदवून ठेवले आहे. हे चित्र मला फार अस्वस्थ करते. ज्यांच्या पैशाचा एक चिरा त्या भिंतीत आहे, ते उंबऱ्याबाहेर उभे आहेत. त्यांनी आत येऊन आमच्यासारखे व्हावे, असे मी म्हणत नाही, कारण त्यांची श्रद्धा त्यांची होती. पण त्यांच्यासाठी सावली आणि बसायला जागा असावी, एवढा विचार नकाशात कोणी केला होता का, असे मनात येते. पुढे 1837 साली त्या चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य मंदिराचा, दर्जा मिळाला आणि नंतर वेदीकडचा भागही वाढवण्यात आला. वास्तू देखणी झाली आहे, यात शंका नाही.

दुसरी वास्तू पुणे जिल्ह्यात, केडगावला. पंडिता रमाबाईंनी तिथे जमीन घेतली ती फळबागेसाठी, शारदा सदन या त्यांच्या विधवाश्रमाच्या खर्चाला उत्पन्नाची जोड मिळावी म्हणून. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची बंधने होती, म्हणून या मुलींची सोय केडगावच्या मोकळ्या रानात करावी लागली. आधी माणसे आली, मग छप्पर आले. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि 1900 साली केडगावच्या या आश्रमातली, म्हणजे मुक्ती सदनातली, संख्या दीड हजारांच्या वर गेली. तिथल्या चर्चची पायाभरणी 1899 सालची. ते बांधताना रमाबाईंनी विलायती बाकांची कल्पना ठेवली नाही. सगळ्यांनी जमिनीवर मांडी घालून बसायचे, म्हणजे दाटीवाटीने का होईना, आणखी एकीला जागा होते. पोटभर अन्नाला आणि मानाने हाक मारणाऱ्या शब्दाला मुकलेली मुलगी जिथे ओळीत बसू शकते, त्या जागेला मी निःसंकोचपणे देवाचे घर म्हणतो.

या दोन वास्तूंकडे पाहून आमच्या पंचांनी नकाशा बदलला, हे मी आनंदाने सांगतो. आधी नव्या भागात व्यासपीठ मोठे होणार होते आणि गायनमंडळासाठी उंच ओटा होणार होता. आता ओटा नाही. पेटी-तबला खाली, लोकांच्या बरोबरीने राहील. दाराशी पायऱ्यांच्या जोडीला उतार येईल, कारण गुडघ्यांनी हैराण झालेली आमची म्हातारी माणसे पायऱ्यांपाशी थांबून राहतात आणि ते कोणाला सांगत नाहीत. मागे दोन स्वच्छतागृहे होतील. नव्या भागाला रस्त्याकडे उघडणारे वेगळे दार असेल, आणि आठवड्याचे सहा दिवस संध्याकाळी तिथे वस्तीतली मुले अभ्यासाला बसतील. ती कोणत्या धर्माची आहेत हे विचारले जाणार नाही, आणि अभ्यासाच्या मोबदल्यात त्यांच्याकडून प्रार्थनेची अपेक्षाही केली जाणार नाही. हे शेवटचे वाक्य ठरावात लेखी घालावे, असा मी स्वतः आग्रह धरला. सेवेला अट लावली की ती सेवा राहत नाही, असे मला मनापासून वाटते.

पैशाचे म्हणाल, तर दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देणारी घरे आमच्याकडे मोजकीच आहेत. कापणीच्या सणाला वेदीपुढे ठेवलेल्या ज्वारीचा, भोपळ्यांचा आणि अंड्यांचा लिलाव झाला, तेव्हा एका मजूर बाईने स्वतःच आणलेला भोपळा बाजारभावाच्या तिप्पट बोली लावून परत घेतला आणि वेदीपुढे पुन्हा ठेवला, म्हणजे त्याचा आणखी एकदा लिलाव व्हावा. अशा हातांनी दिलेला पैसा संगमरवरावर घालण्याचे धैर्य आमच्यात नाही. साधी शहाबादी फरशी पुरे, असे सर्वानुमते ठरले.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर गवंड्याने पश्चिमेच्या अंगणात चुन्याच्या फक्कीने नव्या भिंतीची रेषा आखली. भिंत अजून उभीच आहे, कॉलमचे खड्डेही खणायचे आहेत. पण सभेत तो प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी तेवढ्यात घरून चटई मागवली, रेषेच्या आत अंथरली, आणि फाटकाशी खेळत असलेल्या वस्तीतल्या दोन मुलांना हाक मारून आपल्या शेजारी बसवून घेतले.

नमस्कार.