जुन्या फोनची नवी किल्ली

नमस्कार श्रोतेहो. आज फोनची आपल्यावरची नजर कशी कमी करायची, आणि जुन्या फोनवर दुसरी ओएस, म्हणजे फोन चालवणारी मूळ प्रणाली, कशी बसवायची ते पाहू.

पणजीहून फोंड्याला जाणारी बस. अँड्रॉइड फोन खिशात, वायफाय बंद. रायबंदर मागे पडतं, जुनं गोवं येतं, मग बाणस्तारीचा पूल. वायफाय बंद असूनही फोन वाटेतल्या घरांतले, दुकानांतले राउटर हेरत असतो. प्रत्येक राउटरला स्वतःचा क्रमांक असतो, आणि कुठला क्रमांक कुठल्या जागी आहे याचा नकाशा गूगलसारख्या कंपन्यांकडे तयार असतो. उपग्रहाची मदत न घेताही बस कुठे पोचली ते त्यातून कळतं. हे थांबवणारी कळ वायफायच्या पानावर नसते. सेटिंग्ज, मग लोकेशन, मग लोकेशन सर्व्हिसेस, आणि तिथे वायफाय स्कॅनिंग. शेजारीच ब्लूटूथ स्कॅनिंग असतं. दोन्ही बंद करा. काही कंपन्यांच्या फोनवर नावं थोडी निराळी दिसतील. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘स्कॅनिंग’ लिहिलं की सापडतं.

दुसरी गोष्ट जाहिरातींच्या आयडीची. हा आयडी म्हणजे फोनच्या गळ्यातला बिल्ला. टॉर्चचं ॲप, खेळाचं ॲप, बातम्यांचं ॲप, सगळी तोच बिल्ला वाचतात, आणि जाहिरात कंपन्या त्यावरून तिन्हीकडची माहिती एका माणसाच्या नावावर जोडतात. अलीकडच्या अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात ॲड्स, तिथे हा आयडी पुसून टाकता येतो. पुसल्यावर ॲपला नुसती शून्यं दिसतात.

चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीचा फोटो सगळेच पाठवतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली जागेची नोंद गळून जाते. पण फोटो स्पष्ट दिसावा म्हणून तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, आणि कॅमेऱ्यात जागा नोंदवणं चालू असलं, तर घराचे अक्षांश-रेखांश फोटोबरोबर जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ही नोंद बंद करून ठेवा.

इतकं प्रत्येकाने आजच करावं. पण एक थर यानेही हलत नाही. अँड्रॉइडचा गाभा मुक्त स्रोताचा आहे. 2008 पासून त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. दुकानातल्या फोनमध्ये त्या गाभ्यावर गूगल प्ले सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या गूगलच्या सेवा, बसवलेल्या असतात. साध्या ॲपला नसतात असे अधिकार त्यांना असतात, आणि त्या काढून टाकण्याचं बटण तुम्हाला दिलेलं नसतं. पर्यायी ओएस म्हणजे हाच गाभा, पण हा थर वगळून किंवा त्याला लगाम घालून.

यात सुरक्षेच्या दृष्टीने सर्वात भक्कम ग्राफीनओएस. ती फक्त गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालते. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे: दुसरी ओएस घातल्यावर बूटलोडरचं, म्हणजे फोन चालू होताना ओएस सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, कुलूप पुन्हा नीट लावू देणारे आणि दीर्घकाळ सुरक्षा अपडेट मिळणारे फोन फार थोडे आहेत. ग्राफीनमध्ये प्ले सर्व्हिसेस हव्या असतील तर त्या साध्या ॲपसारख्या, विशेष अधिकारांशिवाय बसतात. एखाद्या ॲपचं इंटरनेटच तोडता येतं. संपर्कयादी मागणाऱ्या ॲपला हवी तेवढीच नावं दाखवता येतात, किंवा कोरी यादी.

पिक्सेल सगळ्यांना परवडत नाही. कपाटात पडलेल्या जुन्या फोनसाठी लिनिएजओएस आहे. सायनोजेनमॉड ही आधीची अशीच ओएस बंद पडल्यावर डिसेंबर 2016 मध्ये ती सुरू झाली. मात्र ज्या फोनवर तुमचं यूपीआय आणि बँक आहे, त्यावर हा प्रयोग करू नका, ही आग्रहाची विनंती. बूटलोडर उघडा आहे हे बँकांच्या अनेक ॲपना कळतं आणि ती चालायला नकार देतात. शिवाय बूटलोडर उघडा असलेला फोन चोराच्या हाती पडला तर तो जास्त सहज छेडता येतो. जुना फोन घ्या. त्याची पाठ फुगलेली असेल तर बॅटरी गेली आहे. तो चार्जिंगला लावूच नका.

आता कृती. आधी लिनिएजच्या संकेतस्थळावरच्या यादीत आपला नेमका मॉडेल क्रमांक शोधा. नुसतं नाव जुळून भागत नाही. एकाच नावाचे फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या चिपसह विकले जातात, आणि चुकीची फाइल घातली तर फोन कायमचा बंद पडू शकतो. काही कंपन्या बूटलोडर उघडूच देत नाहीत, काही अर्ज करून वाट पाहायला लावतात. हे आधी तपासा.

मग फोटो, संपर्क कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, कारण बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. गूगल खातं फोनमधून काढा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून बिल्ड नंबरवर 7 वेळा टिचकी मारा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यात ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डिबगिंग चालू करा. मग फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा. तिथून द्यायच्या पुढच्या आज्ञा प्रत्येक फोनच्या वेगळ्या. त्या लिनिएजच्या संकेतस्थळावरच्या आपल्या फोनच्या पानावरून अक्षर न बदलता घ्या.

इथे बहुतेकांचं घोडं अडतं ते केबलवर. चार्जरसोबतची प्रत्येक केबल डेटा वाहून नेत नाही. कॉम्प्युटर ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ म्हणत राहिला, तर आधी केबल बदला, मग दुसरं पोर्ट बघा, मध्ये यूएसबी हब लावू नका, आणि विंडोजवर असाल तर ड्रायव्हर बसवा.

या आज्ञांनी आधी रिकव्हरी, म्हणजे ओएस बसवण्यासाठीचा छोटा प्रोग्राम, फोनवर चढतो. ती चढली की फॅक्टरी रीसेट, मग ओएसची फाइल साइडलोड, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलने फोनमध्ये पाठवणं. कधीकधी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा 47 टक्क्यांवर थांबतो आणि खाली ‘फेल्ड’ शब्द दिसतो. घाबरून केबल ओढू नका. त्याच ओळीत शेवटी ‘सक्सेस’ असेल तर काम झालेलं असतं. पहिल्यांदा फोन चालू व्हायला काही मिनिटं लागतात. 15 मिनिटांनंतरही बोधचिन्हच फिरत असेल तर एखादी पायरी सुटली आहे, बहुधा रीसेटची. रिकव्हरीत परत जाऊन पुन्हा करा. आणि लिनिएज घातल्यावर बूटलोडरला परत कुलूप घालायला जाऊ नका. अशाने फोन दगड होऊ शकतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. सिम घातलेलं असेल तर कुठलीही ओएस तुम्हाला मोबाइल टॉवरपासून लपवू शकत नाही. कुठल्या टॉवरखाली फोन आहे हे कंपनीला कळल्याशिवाय कॉलच लागत नाही.

सिमशिवायच्या या फोनवर एफ-ड्रॉइड हे ॲप्सचं दुकान बसवा. तिथे फक्त मुक्त स्रोताची ॲप्स असतात. त्यातून ऑरगॅनिक मॅप्स घ्या आणि घरच्या वायफायवर गोव्याचा नकाशा उतरवून ठेवा. जीपीएस नुसतं ऐकतं, उपग्रहाला काही कळवत नाही. नेट नसल्यामुळे पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं जातील, तेवढा वेळ फोन खिडकीजवळ धरा. मग बस बाणस्तारीच्या पुलावर आली की निळा ठिपकाही पुलावर येईल, आणि तो फक्त तुम्हालाच दिसेल.

नमस्कार.