कोळ्याच्या जाळ्यात राहणारी अळी

श्रोतेहो, नमस्कार. आज हवाईतल्या एका पतंगाबद्दल, खरं तर त्याच्या अळीबद्दल बोलायचंय. होनोलुलू ज्या बेटावर आहे ना, त्या ओआहू बेटावर वाइआनाए नावाची डोंगररांग आहे. तिथल्या जेमतेम 15 चौरस किलोमीटर जंगलात ही अळी सापडते. फक्त तिथेच.

पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर राखाडी, चपटी, भोपळ्याच्या बीएवढी पिशवी चिकटलेली तुम्ही पाहिली असेल. ती ओढत चालणारी अळी पतंगाचीच. हवाईतली ही अळीसुद्धा रेशमाच्या पिशवीत राहते. पण ती पिशवी असते कुठे? कोळ्याच्या जाळ्यात!

आता हिची करामत ऐका. जाळ्यात अडकून मेलेले, अर्धमेले किडे ही खाते. मग उरलेले अवयव उचलते. मुंगीचं डोकं, माशीचा पंख, भुंगेऱ्याचं पोट, खुद्द कोळ्याने टाकलेली कात. तुकडा तोंडात धरून उलटसुलट फिरवते, कुठे बसेल याचा अंदाज घेते, मोठा असला तर कुरतडून बेताचा करते आणि रेशमाने पिशवीवर पक्का करून टाकते. संशोधकांनी दुसरा कचरा पुढे ठेवून पाहिला. हिने ढुंकूनही पाहिलं नाही. किड्यांचेच अवयव लागतात, श्रोतेहो, किड्यांचेच! पिशवी अशी मढली की कोळ्याला ते आपलंच उष्टं वाटत असावं. त्याने हिला खाल्ल्याचं किंवा गुंडाळून ठेवल्याचं संशोधकांना कधीच आढळलं नाही. आणि अशा दोन अळ्या समोरासमोर आल्या तर? एक दुसरीला खाऊन टाकते. म्हणून एका जाळ्यात एकच.

हवाई विद्यापीठाच्या डॅनियल रुबिनॉफ आणि सहकाऱ्यांनी 2025 मध्ये हे जगापुढे मांडलं. वीसेक वर्षांत त्यांना अळ्या मिळाल्या फक्त 62. इतका धीर धरणाऱ्या अभ्यासाला आपल्याकडेही पैसा मिळायला हवा. फुलपाखरांसाठी उद्यानं होतात, पतंगांच्या वाट्याला मात्र रात्रभर जळणारे हायमास्ट दिवे! गावोगावचे हे दिवे मला मुळीच पटत नाहीत.

असो. हिच्या हायपोस्मोकोमा प्रजातीत साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, सगळ्या हवाईच्या. हिचा वंश तर निदान 60 लाख वर्षांचा, ओआहू बेटापेक्षाही जुना. आज तिथल्या जंगलात बाहेरून आलेल्या मुंग्या, झाडं, कोळीसुद्धा घुसलेत. त्या परक्या कोळ्यांच्या जाळ्यातही हिने बस्तान बसवलंय. पण जागा उरलीय तेवढीच, 15 चौरस किलोमीटर, आणि ती लवकरात लवकर राखायला हवी. नमस्कार.